डोळ्यातलं स्टिरॉइड इम्प्लांट शेवटी का सुचवतात?

सांजवारा
दाराच्या चौकटीची सरळ रेघ आईला मध्येच वाकलेली दिसायला लागली, तिथून हे सुरू झालं. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलावर सूज. मग दर महिन्याला डोळ्यात सूज उतरवणारं अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शन. नेमकी डायलिसिसच्या दिवशी तारीख यायची, ती चुकली की पुढच्या ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, सूज परत चढलेली. असे सात महिने गेल्यावर डॉक्टरांनी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं इम्प्लांट टाकलं. ०.७ मिलिग्रॅम औषधाची, साधारण ६ मिमी लांबीची काडी, आत आपोआप विरघळणारी. पहिले काही दिवस आईला नजरेत एक काळी रेघ तरंगताना दिसायची. पण सूज उतरली आणि चार महिने उतरलेली राहिली.

त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं, काचबिंदू नाही. मग हा पर्याय पहिल्याच दिवशी आमच्यापुढे का ठेवला नाही?

रानजाई
सांगायला हवं होतं, पण म्हणून तो पहिला उपाय होत नाही. इम्प्लांटनंतर दोन महिन्यांनी माझ्या डोळ्याचं प्रेशर १७ वरून ३१ वर गेलं. दुखलं नाही, डोळा लाल झाला नाही. तपासणीला गेले म्हणून कळलं. चार महिने थेंब घातले. पुढच्या वर्षी मोतीबिंदू. याच इम्प्लांटच्या मीड या ३ वर्षांच्या चाचणीत स्वतःचं भिंग असलेल्या सुमारे ६८ टक्के डोळ्यांत मोतीबिंदूची नोंद आहे. नुसतं इंजेक्शनचं नाटक केलेल्या गटात सुमारे २० टक्के.

सांजवारा
आकडे बरोबर आहेत. पण त्याच चाचणीत तक्त्यावरची १५ किंवा जास्त अक्षरं वाढीव वाचणारे २२ टक्के होते, दुसऱ्या गटात १२. आणि तीन वर्षांत सरासरी चारच इम्प्लांट लागली! ज्यांचं भिंग आधीच बदललंय, त्यांना मोतीबिंदूची भीती कशाला घालायची?

औदुंबर
मी रेटिना विभागात ओसीटी काढतो, रोज हेच बघतो. सूज उतरली म्हणजे नजर तेवढीच सुधारली, असं होत नाही. 'प्रोटोकॉल यू' चाचणीत चालू इंजेक्शनांना इम्प्लांटची जोड दिली. पडद्याची जाडी जास्त कमी झाली, पण सरासरी नजर नुसत्या इंजेक्शनांपेक्षा सरस ठरली नाही. उलट ज्यांची व्हिट्रेक्टॉमी झालीय, म्हणजे डोळ्यातला जेल काढलाय, त्यांच्यात इंजेक्शनचं औषध लवकर निघून जातं. तिथे इम्प्लांटचा आग्रह मला पटतो.

दोन गोष्टी मात्र विचाराच. भिंगामागचा पातळ पापुद्रा फाटलेला असेल तर काडी पुढे सरकून कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, इजा करू शकते. आणि फ्लुओसिनोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडचं इम्प्लांट वेगळं. ते ३६ महिन्यांपर्यंत औषध सोडतं, विरघळत नाही. आधी स्टिरॉइड देऊन प्रेशर चढत नाही हे पाहिल्याशिवाय ते टाकू नये.

रानजाई
माझा मुद्दा अजून तसाच आहे. इंजेक्शनची तारीख जो चुकवतो, तो प्रेशरची तारीखही चुकवणारच. सूज वाढली तर अक्षरं पुसट होतात, माणूस धावत जातो. प्रेशर वाढलेलं कळतच नाही, आणि त्याने डोळ्याची नस गेली की ती नजर परत येत नाही.

सांजवारा
हे मी कमी लेखत होते, कबूल करते. तरी प्रेशर मोजणं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन इंजेक्शन घेणं यात फरक आहे. प्रेशर जवळचे डोळ्यांचे डॉक्टरही पाच मिनिटांत बघतात. आम्ही सहा आठवड्यांनी पाहिलं, परत दहाव्या आठवड्यात, दोन्ही वेळा २० च्या आत.

आईच्या दुसऱ्या डोळ्यालाही आता सूज आहे. तिथलं भिंग तिचं स्वतःचं आहे, त्यामुळे तिथे इंजेक्शनंच चालू ठेवतोय. डायलिसिसचा दिवस सोडून तारीख द्या, एवढं या वेळी आधीच सांगून ठेवलंय.