गोळ्या संपल्या की परत तोच वास. मदत हवी आहे

अबोली_७: योनीतून वास येण्याचा त्रास तिसऱ्यांदा झालाय. ७ दिवसांचा कोर्स पूर्ण केला, बरं वाटलं, पाळी येऊन गेली आणि परत तेच. आता कोणती गोळी घेऊ? अनुभव असलेल्यांनी लवकर सांगा, थांबायला वेळ नाही.

निशिगंध: फ्लुकोनॅझोल १५० ची एकच गोळी. मी दोन दिवसांत बरी झाले.

मृण्मयी_क: निशिगंध, ती बुरशीची गोळी आहे. बुरशीत खाज फार, वास जवळजवळ नसतो. अबोली, कोर्स कसला होता? खाज आहे का? स्राव तपासला होता का?

सदाफुली: लघवीला जळजळ होत असेल तर भरपूर पाणी प्या, मला फरक पडला.

अबोली_७: जळजळ नाही, खाजही नाही. मासळीसारखा वास, पातळ करडं पाणी जातं, संबंधानंतर जास्त. बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडलाय, असं सांगितलं होतं. मेट्रोनिडॅझोल ५००, दिवसातून दोनदा. तपासणी पहिल्यांदाच झाली, नंतर दोन्ही वेळा जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या. स्वच्छता पूर्ण पाळते, रोज वॉशने आतूनही धुते.

रेवती_स्त्रीरोग: आतून धुणं आजच थांबवा. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे आपलेच जंतू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाकीच्यांना पाय रोवता येत नाहीत. धुण्याने त्यांचीच घडी विस्कटते. मग गार्डनेरेलासारखे जंतू भिंतीवर चिकट थर धरतात आणि गोळ्यांनंतरही तो थोडाफार उरतो. वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास परत होतो. तुम्ही अस्वच्छ आहात असा याचा अर्थ मुळीच नाही.

निशिगंध: मग प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू कर. चांगले जंतू परत येतील.

कपिल_द: कुठलीही कॅप्सूल चालत नाही. नवऱ्याला औषध द्या! आमच्याकडे बायकोचे ४ कोर्स झाले, माझा झाल्यावरच थांबलं.

मृण्मयी_क: एका घरचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

रेवती_स्त्रीरोग: इथे पुरावा आहे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. पुरुष जोडीदाराला ७ दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि क्लिंडामायसिन मलम दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत ३५ टक्के स्त्रियांना त्रास परतला, फक्त स्त्रीला औषध दिलं तेव्हा ६३ टक्के. कॅप्सूलचं म्हणाल तर, अभ्यासात उपयोगी ठरलेला लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस योनीत ठेवायचा होता. तोंडाने घ्यायची प्रत्येक कॅप्सूल म्हणजे तेच नव्हे. अबोली, एवढी घाई कशाची? दिवस गेलेत का?

अबोली_७: नाही. पुढच्या महिन्यात आयव्हीएफचं भ्रूण ठेवायचंय. त्या डॉक्टरांना हे सांगितलं नाही, वेगळा विषय वाटला.

रेवती_स्त्रीरोग: उद्याच सांगा. हा संसर्ग असताना क्लॅमिडिया, गोनोरिया, एचआयव्ही अशा संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचा धोका वाढतो, गर्भारपणात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचाही. स्राव नव्याने तपासून घ्या, चौथा कोर्स मनाने नको.

अबोली_७: सकाळी फोन करते. नवऱ्याला कसं सांगू? त्याला वाटेल मी संशय घेतेय.

कपिल_द: मलाही आधी तसंच वाटलं होतं. त्यांना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.