शब्दचर्चा : 'खचदरी'तला खच कुठला?

दादरहून :
मुलीच्या भूगोलात आफ्रिकेतल्या ग्रेट रिफ्ट व्हॅलीला 'खचदरी' म्हटलंय. तिचा प्रश्न : खच म्हणजे ढीग ना, मग दरीत कसला खच पडलाय? तिचंही बरोबर आहे. पानांचा खच, फायलींचा खच, सकाळची खचाखच भरलेली लोकल. 'खच' म्हटलं की काहीतरी भरलेलंच डोळ्यांपुढे येतं. शिवाय 'दरी' तरी चालेल का? माथेरानच्या पॉइंटवरून दिसते ती दरी आणि इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत जाणारी ही दरी, दोन्हींना एकच शब्द?

गोरेगाव, निवृत्त शिक्षिका :
हा खच 'खचणे'मधला. पावसाळ्यात रस्ता खचतो, तोच. जमिनीला ताण बसून समांतर विभंग, म्हणजे खडकांत खोल भेगा, पडले (जुन्या पुस्तकांत 'प्रस्तरभंग' होता) आणि मधला पट्टा खाली बसला, की खचदरी. शेजारचा ठोकळा वर राहिला तर तो गट पर्वत. युगांडा-काँगो सीमेवरचा रुवेंझोरी असाच आहे. ज्वालामुखी नाही, तरी ५,१०९ मीटर उंच. ही जोडी एकत्र शिकवावी, म्हणजे मुलं विसरत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण नर्मदा. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधली ती दरी नदीने कोरलेली नाही, नदीला ती आयती मिळाली. 'खच' एवढं सगळं सांगतो, म्हणून मला हा शब्द आवडतो. 'ग्रेट रिफ्ट व्हॅली' हे नाव १८९३मध्ये तिथे गेलेले ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉन वॉल्टर ग्रेगरी यांच्यामुळे रूढ झालं. त्यातल्या 'रिफ्ट'चा भर फाटण्यावर आहे, आपला भर खाली बसण्यावर. फाटणं अजून चालूच आहे, वर्षाला काही मिलिमीटर.

मुलुंडहून :
बाई, 'खच'बद्दल पटलं. माझी तक्रार 'दरी'बद्दल आहे. कामानिमित्त काही वर्षं नैरोबीत होतो. तिथून नैवाशाला जाताना लिमुरूच्या पुढे रस्ता कड्याच्या टोकावर येतो. मागे चहाचे मळे, अंगाला झोंबणारा वारा, आणि टपऱ्यांवर मेंढीच्या कातड्याच्या टोप्या विकायला टांगलेल्या. समोर खाली पिवळट सपाटी, तुरळक बाभळी आणि लोंगोनॉट ज्वालामुखीचा शंकू. पलीकडचा कडा हवा स्वच्छ असेल तरच दिसतो, कारण मध्ये पन्नासेक किलोमीटर अंतर. खाली उतरलात की आपण दरीत आहोत असं वाटतच नाही. माळावर आल्यासारखं वाटतं.

वर गंमत अशी की नैवाशा सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८० मीटरवर आहे. म्हणजे या 'दरी'चा तळ आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) उंच! उलट टांगानिका सरोवर याच खचदरीच्या पश्चिम फाट्यात, १,४७० मीटर खोल, आणि त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली.

आपण दरीत डोकावतो, राहत नाही. तिथे माणसं कडा आणि तळ दोन्ही वापरतात. कड्यावर पाऊस, गारवा, चहा, मका, दाट वस्ती. तळ पर्जन्यछायेत, म्हणून तिथे मसाई गुरं घेऊन गवताच्या आणि पाण्याच्या मागे फिरतात. वर महाबळेश्वर, खाली माण-खटाव. केनियातच, याच खचदरीतल्या केरियो खोऱ्यातल्या मारक्वेत लोकांनी तर दोन्हींची सांगड घातली आहे. कड्यावरच्या ओढ्यांचं पाणी खडकाच्या कडेकडेने दगड, लाकूड, माती लावून केलेल्या पाटांनी खाली शेतात आणायचं. ही पद्धत शेकडो वर्षांची. कुणाच्या पाळीला किती पाणी, हे कुळांनी आपसांत ठरवायचं. तळात उष्मा आणि मलेरिया, म्हणून घरं पूर्वापार वरच्या टप्प्यांवर. आपल्या पाटकऱ्याला तिथे नेलं तर दुभाषा लागणार नाही.

म्हणून मी लिहिताना नुसतं 'खचदरीत लोक राहतात' असं लिहीत नाही. खचदरीचा माथा, कडा, तळ असं फोडून लिहितो. 'घाटमाथा' हा शब्द आपल्याकडे तयारच आहे, तो इथेही चपखल बसतो.

शिवाजी पार्कचा धावणारा :
माथ्याचा पुरावा दर जानेवारीत आपल्या दारात येतो. मुंबई मॅरेथॉनमध्ये पुढे असतात ते बहुतेक केनिया-इथिओपियाचे. केनियातलं धावपटूंचं गाव इटेन त्याच केरियो खोऱ्याच्या कड्यावर, सुमारे २,४०० मीटरवर. तिथल्या विरळ हवेत वाढलेल्यांना आमचा पेडर रोडचा चढ चढ तरी वाटत असेल का, शंका आहे. (एवढ्यावरच ते जिंकतात असं नाही. मेहनत आणि शाळेपासूनची शर्यतींची सवयही आहेच.)

ठाण्याहून :
फाटण्याचा एक फायदा राहिला. कवच पातळ झाल्याने उष्णता वर येते. नैवाशाजवळ ओल्कारियाला जमिनीतल्या वाफेवर वीज होते, आणि केनियाच्या विजेत भूऔष्णिक विजेचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आम्ही वज्रेश्वरीच्या कुंडात पाय बुडवून परत येतो.

भांडुपहून :
उत्तर टोकाबद्दल एक उपप्रश्न. इथिओपियातल्या डनाकिलचा तळ समुद्रसपाटीच्या शंभरहून अधिक मीटर खाली आहे. तिथे अफार लोक मिठाचे थर कुऱ्हाडीने तोडून चौकोनी वड्या करतात आणि उंटांवर लादून वरच्या बाजारात नेतात. अशा वड्या पूर्वी चलन म्हणूनही चालत. एका मासिकात याला 'मिठागर' म्हटलेलं वाचलं. आमच्या घरामागे मिठागरं होती, त्यामुळे खटकलं. आगरात खाडीचं पाणी कोंडायचं, उन्हाने आटवायचं, मीठ ओढून रास करायची. तिथे यातलं काहीच नाही. मग त्याला म्हणायचं काय?

गोरेगाव, निवृत्त शिक्षिका :
'मिठाची खाण' म्हणा. उघडी असली तरी खाणच.

दादरहून :
लेकीला वाचून दाखवलं. माथा, कडा, तळ हे तिने आकृतीत लिहून घेतलं. तिचा पुढचा प्रश्न : खचदरीचं अनेकवचन 'खचदऱ्या' ना? मी हो म्हटलंय, हरकत असेल तर कळवा.