मदत हवी आहे: १९२९ ची पहिली स्पॅनिश लीग

मंडळी, भाच्याला ला लीगाचा, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल लीगचा, पहिला हंगाम तक्त्यावर मांडून द्यायचं कबूल करून बसलोय आणि आता अडकलोय.

फेब्रुवारी १९२९ मध्ये सुरुवात, १० संघ, प्रत्येकी १८ सामने, विजयाला २ गुण. इथवर ठीक. बार्सिलोना २५, माद्रिद २३. शेवटच्या सामन्यात माद्रिद बिल्बाओत २-० ने हरली आणि हातातला चषक गेला! भाचा माद्रिदचा कट्टर, त्यामुळे हा भाग तो दोनदा ऐकून तोंड फुगवून बसला.

खरी अडचण वेगळीच. दहांपैकी सहा संघ आधी कोपा (स्पेनची राष्ट्रीय चषक स्पर्धा) जिंकलेले, तीन तिचे उपविजेते, आणि दहावी जागा सान्तान्देरच्या रासिंगने पात्रता स्पर्धेतून मिळवली. मग तळाला तेच राहिले, तरी दुसऱ्या श्रेणीतल्या सेव्हियाला हरवून पहिल्या श्रेणीत टिकले. दहाव्या जागेची ती पात्रता स्पर्धा नेमकी कशी खेळवली, ते सोप्या मराठीत कुणी समजावेल का?

शिवाय इरूनचा रेआल उनिऑन आणि गेचोचा आरेनास, ही नावं देवनागरीत कशी लिहायची? स्पॅनिश शिकलेलं कुणी असेल तर सांगा. पोस्टरचा कागद टेबलावर पसरलाय, स्केचपेनं वाळतायत.