सोमवारी प्लास्टर, सिस्टीम कुठली घेऊ? (तातडीने मदत हवी)

सड्यावरचा: मंडळी, सोमवारी गवंडी प्लास्टरला हात घालतोय. वायरमन म्हणतो, "कुठे पाईप टाकायचे ते आत्ता सांगा, नंतर मी झिऱ्या मारणार नाही." सध्या चार कॅमेरे हवेत. पुढे दाराचे सेन्सर, दिवे, पंप असं वाढवता यायला हवं, सगळं एकाच ॲपवर. कुठल्या कंपनीचं घेऊ? नेमकं नाव सांगा, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय.

तारकरी: घर कुठे? फ्लॅट की बंगला? नेट कुठलं? बजेट?

सड्यावरचा: साधंच घर आहे, चार खोल्या. नेट आहे. बजेटचं नंतर बघू. कंपनी?

बिनतारी: पाईपबिईप विसरा. ठाण्यात माझं सगळं वायफायवर आहे. चार कॅमेरे, नऊ दिवे, एका दुपारी काम खल्लास.

तारकरी: वायफायच्या कॅमेऱ्यालाही वीज लागते, म्हणजे वायर आलीच. मग कॅट सिक्स, म्हणजे नेटचीच वायर टाका ना. पीओई घेतलं की त्याच एका वायरीतून वीज जाते आणि चित्र येतं, १०० मीटरपर्यंत. फक्त लाईटच्या पाईपातून ओढू देऊ नका, वेगळा पाईप.

बिनतारी: आता बॅटरीवाले कॅमेरे येतात.

तारकरी: चार्जिंगसाठी शिडीवर तुम्ही चढणार का?

पोफळी: कुत्रा पाळा. ॲप नको, अपडेट नको.

मंजिरी_जो: भिंती कसल्या आहेत?

सड्यावरचा: जांभ्याच्या, दीड फुटी. जुनं घर आहे, गुहागर तालुक्यात. मी डोंबिवलीला असतो.

तारकरी: हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं!

बिनतारी: बरं, जांभ्यात वायफाय मार खाईल. मग मेश घ्या, म्हणजे खोलीखोलीत वायफाय पुढे नेणारे राउटर.

माडावरून: आमचं दापोलीला. फाटकावरच्या कॅमेऱ्याला ८० मीटर तांब्याची वायर उघड्यावरून नेली होती. जूनमध्ये जवळच वीज पडली आणि कॅमेरा, स्विच, रेकॉर्डर एका रात्रीत गेले. आता फाटकापर्यंत वीज न वाहणारं फायबर आहे, दोन्ही टोकांना कन्व्हर्टर. आधी अर्थिंग तपासा. कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळी जाळं विणतो आणि रात्रभर "हालचाल दिसली" म्हणून फोन वाजतो, ते वेगळंच. दर पंधरा दिवसांनी केरसुणी फिरवावी लागते.

पायकाका: होम असिस्टंट! सगळी उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, २०१३ पासून आहे, फुकट आहे, नेट गेलं तरी घरातलं चालू राहतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टाका, पण एसडी कार्डावर नको. लाईट जाऊन येऊन ते मरतं, एसएसडी लावा. सेन्सर झिगबीचे, म्हणजे वायफायऐवजी कमी विजेच्या वेगळ्या रेडिओवर बोलणारे. मात्र बॅटरीवरचा सेन्सर पुढच्याचा सिग्नल पुढे नेत नाही, त्यासाठी मध्ये विजेवरचे प्लग पेरावे लागतात.

तारकरी: काका, ते बिघडलं की गुहागरला कोण जाणार? तुम्ही?

पायकाका: आंब्यांच्या दिवसांत जाईन की.

पोफळी: अवांतर: हापूस घरचा आहे का? पेटी पाठवता का?

मंजिरी_जो: घरात राहतं कोण?

सड्यावरचा: आई. ७४ वर्षांची, एकटी. स्मार्टफोन वापरत नाही. चोरांची तशी काळजी नाही. गेल्या पावसात लाईट गेलेले असताना न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. सकाळी शेजारच्या वहिनी दूध घेऊन आल्या तेव्हा कळलं. म्हणून कॅमेरे.

मंजिरी_जो: अहो, मग फाटकाकडे तोंड केलेले चार कॅमेरे काय सांगणार तुम्हाला? आधी बिछान्यापासून न्हाणीपर्यंत माणूस हलला की लागणारे दिवे, तेही इन्व्हर्टरवर. उशाशी आणि न्हाणीत, खाली पडूनही हाताला लागेल इतकी खाली लोंबणारी ओढायची दोरी. तिची घंटा वहिनींकडे वाजायला हवी, तुमच्या मोबाईलवर नंतर. तुम्ही डोंबिवलीहून पोचणार कधी? आणि बटणं नेहमीचीच ठेवा, स्मार्ट मॉड्यूल त्यांच्या मागे बसतो. त्यासाठी बोर्डाचा डबा खोल हवा आणि त्यात न्यूट्रल वायर हवी. टू-वेच्या (एकच दिवा दोन ठिकाणांहून) एकट्या बटणाच्या डब्यात ती बऱ्याचदा नसते. हे मात्र सोमवारच्या आधी वायरमनला सांगाच.

सड्यावरचा: हे डोक्यातच आलं नव्हतं. पण कंपनी?

तारकरी: आज ठरवूच नका. एक कोनाडा ठरवा, कॅमेऱ्याच्या प्रत्येक जागेपासून तिथपर्यंत २५ मिमीचा पाईप आणा, दोन पाईप जास्तीचे रिकामे ठेवा. राउटर, स्विच, रेकॉर्डर सगळं तिथे, इन्व्हर्टरवर. कॅमेरा ऑन्व्हिफवाला (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जुळवणारं मानक) घेतलात की उद्या कंपनी बदलली तरी बहुतेक चालून जातं. आल्याबरोबर पासवर्ड बदला. २०१६ साली मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने असेच कारखान्यातल्या पासवर्डचे कॅमेरे नि डीव्हीआर (रेकॉर्डर) लाखांनी ताब्यात घेतले होते.

बिनतारी: आणि २ टीबीची डिस्क. महिनाभर पुरते.

तारकरी: कुठल्या हिशेबाने? ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे १७३. अकरा-बारा दिवसांत डिस्क भरते.

बिनतारी: माझ्याकडे महिना पुरते.

तारकरी: तुमचे फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करत असतील.

बिनतारी: ...हो.

सड्यावरचा: वायरमनला कागद पाठवला. चार पाईप कॅमेऱ्यांचे, दोन रिकामे, एक वहिनींच्या बाजूच्या भिंतीपर्यंत घंटेसाठी. खोल डबे आणि न्यूट्रलपण सांगितली. आईला दोरीचं विचारलं, तर म्हणाली, "तिच्यावर मी टॉवेल वाळत घालीन." आणि गवंडी आता गुरुवारी येतोय.

माडावरून: मग वेळ आहे. पाईपांच्या तोंडांना बूच मारा, आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला टेप धरून फोटो काढा, नंतर खिळा नेमका पाईपावर बसतो. आईंना टॉवेलसाठी वेगळी दोरी बांधून द्या.

बिनतारी: मेश घ्यायचं ठरलं तर कळवा, माझ्याकडे एक जास्तीचा पडून आहे.