मदत हवी आहे: बहिणीला मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन मिळालंय, ४५-५० हजारांत लॅपटॉप कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा कॅप राऊंडमधून मेकॅनिकलला नंबर लागलाय, कराडला. घरी पेढे वगैरे वाटून झाले, आता हॉस्टेलला जायच्या आधी लॅपटॉप घ्यायचाय आणि त्यात माझं डोकं पार आउट झालंय म्हणून इथे विचारतोय.

आधी पैशांचं सांगतो. मुलींची ट्यूशन फी माफ झाल्यामुळे (आम्ही ओबीसीत, उत्पन्न ८ लाखांच्या बरंच आत) मोठा भार कमी झालाय पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं आहेतच की. आईची भिशी लागलीय आणि थोडे माझे, असे मिळून ४५ हजार निघतील. अगदीच खात्री पटली तर ५० पर्यंत ताणू, त्याच्या पुढे नाही. हा लॅपटॉप चार वर्षं चालला पाहिजे, मधे दुसरा घ्यायची ऐपत नाही.

मी स्वतः आयटीआय वाला, एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर असतो, त्यामुळे ड्रॉइंग वाचता येतं पण कॉम्प्युटरमधलं एवढं कळत नाही. आमच्याकडे कॅडवर (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) बसणाऱ्या माणसाला भला मोठा डेस्कटॉप दिलाय आणि तोही मोठी असेंब्ली उघडली की चहा प्यायला जातो. ते रोज बघत असल्यामुळे मला भीती ही आहे की ५० हजाराच्या लॅपटॉपवर हिचं सॉलिडवर्क्स (हेही कॅडचंच सॉफ्टवेअर) चालणार का नुसता हँग होत बसणार.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतोय. तिच्या मैत्रिणीचा भाऊ म्हणाला मेकॅनिकल म्हणजे ग्राफिक्स कार्ड पाहिजेच, गेमिंग लॅपटॉप घे, आरटीएक्स २०५० वाला ५५-५८ ला मिळतोय. सांगलीत दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो एवढं काही लागत नाही, हा आय३ घेऊन जा, ८ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ३८ हजार, वर बॅग, माऊस, अँटीव्हायरस फ्री. मी विचारलं रॅम वाढवता येते का तर म्हणे "येते येते, सगळं वाढवता येतं." खालचा स्टिकर बघू का म्हटलं तर पेटी फोडल्यावर परत घेत नाही म्हणाला. आणि ऑनलाइन बघावं तर १५ ऑगस्टच्या सेलमधे एक रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी, ४१ हजारांत दिसतोय, कागदावर तर हाच भारी वाटतोय, मग बाकीचे महाग का ते कळेना. आणखी एक आय५-१२४५०एच वाला आहे १६ जीबीचा, तो बरोबर ५० ला टेकतोय.

माझे प्रश्न असे की ग्राफिक्स कार्ड खरंच लागतं का, ८ जीबी घेऊन नंतर वाढवलेली परवडेल का आधीच १६ घ्यावी, आणि रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून विकतात ते) थिंकपॅड लॅपटॉप २२-२५ हजारांत मिळतात ते चार वर्षं टिकतील का. बहिणीचं म्हणणं वेगळंच आहे, तिला फक्त वजनाने हलका पाहिजे, कारण शनिवार रविवार एसटीने ये-जा करणार.

जाणकारांनी प्लीज जरा साध्या भाषेत सांगा. ज्यांनी खरंच मेकॅनिकल केलंय त्यांनी तर नक्की लिहा.

—

प्रतिसाद:

दादा, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे त्यामुळे हे माझ्याच हद्दीतलं. पहिल्या वर्षाचं टेन्शन घेऊ नका. इंजिनिअरिंग ग्राफिक्सची (ड्रॉइंगचा विषय) शीट आमच्याकडे हातानेच काढतात, मिनी ड्राफ्टर (बोर्डावर रेषा मारायचं पट्ट्यांचं साधन) आणि एचबी-टूएच पेन्सिली. लॅपटॉपवर काय तर थोडं प्रोग्रॅमिंग, पीपीटी, असाइनमेंटच्या पीडीएफ आणि थोडंफार ऑटोकॅड. हे आय३ वर पण आरामात होतं.

दुसऱ्या वर्षापासून मशीन ड्रॉइंग, सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया सुरू होतं. आपण कॉलेजमधे जे पार्ट काढतो ते म्हणजे नकल जॉइंट, स्क्रू जॅक, टेलस्टॉक असलं. तुमच्या कंपनीतल्या हजार पार्टच्या असेंब्लीशी त्याची तुलनाच नको. असल्या कामाला प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स पुरतं, अडतं ते रॅमवर. माझ्याकडे ८ जीबी होती, सॉलिडवर्क्स उघडलं, बाजूला क्रोममधे यूट्यूबचं ट्युटोरियल चालू ठेवलं की कर्सर गोल गोल फिरत बसायचा. १६ केल्यावर तोच लॅपटॉप सुतासारखा सरळ झाला.

तिसऱ्या वर्षी अ‍ॅन्सिस येतं, म्हणजे पार्टवर किती ताण येतो ते तपासायचं सॉफ्टवेअर. त्याची स्टुडंट एडिशन फुकट असते आणि तिला नोडची (मॉडेलचे बारीक तुकडे पाडतात त्यातले बिंदू) मर्यादाच घातलेली आहे, स्ट्रक्चरलला १ लाख २८ हजार. म्हणजे लॅपटॉपला रडवेल एवढं मोठं मॉडेल ती मुळात सोडवूच देत नाही. आणि ते गणित मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतं, गेमिंग कार्डावर नाही.

गेमिंग लॅपटॉप आमच्या हॉस्टेलवर ढिगाने आहेत. सव्वादोन अडीच किलो वजन, वर विटेएवढा चार्जर, आणि लेक्चरला प्लगपाशी जागा धरायला लवकर जावं लागतं. कार्डाचा उपयोग काय होतो हे मी सांगायला नको, रात्री दोन वाजता कॉरिडॉरमधे आरडाओरडा ऐकू येतो त्यावरून कळतं. तुमच्या बहिणीचं बरोबर आहे, हलकाच घ्या.

आणि एक, तीन बटणांचा चाकवाला चांगला माऊस वेगळा घ्या. कॅडमधे मॉडेल फिरवायचं ते मधलं चाक दाबून, टचपॅडवर ते काम म्हणजे शिक्षा आहे. फ्री मिळतो त्याचं चाक लवकर जातं.

—

प्रतिसाद:

वरच्या ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त प्रोसेसरबद्दल बोलतो कारण तिथेच फसायला होतं.

तो ७५२०यू घेऊ नका. नावात रायझन ५ आहे, आकडा ७ ने सुरू होतो, म्हणून नवा आणि तगडा वाटतो. एएमडीच्या ७००० सिरीजमधे तिसरा आकडा बघायचा, तो आतली पिढी सांगतो. ७५२०यू मधे तो २ आहे, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या पिढ्यांचं नाव), जे २०१९ साली आलं. चारच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ग्राफिक्स अगदीच लुकडं, आणि रॅम बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे जेवढी आहे तेवढीच शेवटपर्यंत. ७५३०यू दिसला तर तो वेगळा, झेन ३, सहा कोअर. एका आकड्याचा फरक पण जमीन अस्मान. जुना ५६२५यू सुद्धा झेन ३ आहे, सेलमधे ४५ च्या आसपास दिसतो, तो मिळाला तर डोळे झाकून घ्या.

१२४५०एच पण चांगला आहे, आठ कोअर. एच सिरीज असल्यामुळे बॅटरी जरा जास्त खातो, लोड आला की फॅन पण ऐकू येतो. पण कॅडला प्रोसेसरचा वेग लागतो, तो त्यात भरपूर आहे.

दुकानातला आय३ जर १२१५यू असेल तर तोही तसा वाईट नाही बरं का. सहा कोअर आहेत (दोन मोठे, चार छोटे). पण मग १६ जीबी पाहिजेच, आणि रॅमच्या दोन काड्या असल्या तर उत्तम. एकच काडी असली की आतल्या ग्राफिक्सचा जोर बराच कमी होतो, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, तो हीच रॅम वापरतो.

स्क्रीन बघताना फुल एचडी आणि आयपीएस लिहिलंय का बघा. टीएन पॅनल असेल तर जरा तिरकं बघितलं की काळं दिसतं, ड्रॉइंगच्या बारीक रेषा तर गायबच.

—

प्रतिसाद:

सरळ मॅकबुक एअर एम१ घ्या, सेलमधे बजेटच्या थोडाच वर जातो, दहा वर्षं बघायला नको.

—

प्रतिसाद:

वरच्या मॅकवाल्या दादांना विनंती, धागा वाचून सल्ला द्या. मेकॅनिकल आहे. सॉलिडवर्क्स आणि कॅटिया विंडोजवरच चालतं.

—

धागाकर्ता:

सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या लवकर एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ७५२०यू कार्टमधून काढला. आता ५६२५यू, ७५३०यू किंवा १२४५०एच यातला एक. थिंकपॅडबद्दल कुणी बोललं नाही, माझ्या शिफ्टमधला एकजण पुण्याहून आणून देतो म्हणतोय, २३ हजारांत.

—

प्रतिसाद:

थिंकपॅडची बॉडी आणि कीबोर्ड नंबर एक, प्रश्नच नाही. पण दोन गोष्टी विचारा. इंटेलची पिढी आठवी किंवा पुढची आहे का? सातवीपर्यंतच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. आणि बॅटरी नवीन टाकलीय का जुनीच आहे? कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी बॅटरी रिपोर्टची कमांड चालवली की मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरलीय ते सरळ दिसतं. निम्म्यावर आली असेल तर किमतीतून तेवढे कमी करायला सांगा.

माझं मत विचाराल तर कॉम्प्युटर वाल्या पोराला मी बिनधास्त घे म्हटलं असतं, तो स्वतः उघडून काय ते करतो. हॉस्टेलवर नवीन राहायला जाणाऱ्या मुलीला बिघडलं की पुण्याला पाठवा, आठवडा थांबा, हे नको. तिला ऑनसाइट वॉरंटीवाला (माणूस जागेवर येऊन दुरुस्त करतो) नवीन द्या. घ्यायच्या आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कराड, सांगली किंवा कोल्हापुरात आहे का तेवढं बघून ठेवा.

—

प्रतिसाद:

मी बँकेत आहे म्हणून लिहितोय. भिशीचे पैसे सगळे यातच घालू नका. हॉस्टेल-मेससाठी एज्युकेशन लोन काढणार असाल तर कोर्ससाठी लागणारा लॅपटॉप त्यात धरता येतो, दुकानाचं जीएसटीसकट कोटेशन अर्जाला जोडायचं. ४ लाखांपर्यंत सहसा मार्जिन मनी (आपल्या खिशातून भरायचा वाटा) पण लागत नाही. आणि कार्डावर नो कॉस्ट ईएमआय करणार असाल तर व्याज डिस्काउंट म्हणून वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रक्कम छोटी असते पण माहीत असावं.

—

धागाकर्ता:

अपडेट देतो. लोनचं बघतो, हे खरंच माहीत नव्हतं. थिंकपॅड रद्द.

काल दुसऱ्या एका दुकानात गेलो, तिथे ५६२५यू वाला डेमो पीस चालू होता. पोरगा चांगला होता, त्याने स्वतः टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक करून दाखवलं, "स्लॉट्स यूज्ड, दोनपैकी एक" असं खाली लिहून येतं. म्हणजे ८ ची एक काडी आहे आणि एक जागा रिकामी. ८ ची आणखी एक काडी तिथल्या तिथे बसवून वॉरंटीला धक्का न लावता एकूण ४६ हजार ५०० म्हणाला, पक्कं बिल. बहिणीने एका हाताने उचलून बघितला, १.७ किलो, तिला पसंत. स्क्रीन तिरकी करून पण बघितली, काळी पडत नाही.

ऑनलाइन हजारभर स्वस्त पडेल पण काडी आणून बसवणार कोण, त्यामुळे मला वाटतं हाच घ्यावा. बिलावर काडीचा उल्लेख पाहिजे ना? आणि पेटी उघडताना अजून काय बघू?

—

प्रतिसाद:

घ्या, छान डील आहे. बिलावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि काडी वेगळी लिहून घ्या, काडीची वॉरंटी वेगळी असते. डेमो पीस देऊ नका म्हणा, सीलबंद पेटी तुमच्यासमोर फोडायची आणि काडी बसवल्यावर तोच टास्क मॅनेजर परत उघडून १६ दिसते का बघायचं. घरी आलात की कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची तारीख तपासा, कधी कधी ती सहा महिने आधीच सुरू झालेली असते, मग बिल अपलोड करून दुरुस्त करून घेता येते. एमएस ऑफिस आत आलेलं असेल तर पहिल्या लॉगिनलाच तिच्या स्वतःच्या ईमेलवर अ‍ॅक्टिव्हेट करा, तुमच्या नको. ऑटोकॅड मात्र विकत घेऊ नका, विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून एक वर्षाचं फुकट मिळतं, दरवर्षी रिन्यू होतं.

—

धागाकर्ता:

शनिवारी जातोय मग. एक शेवटचं, तो मिनी ड्राफ्टर म्हणाला होतात तो कुठल्या कंपनीचा चांगला?

—

प्रतिसाद:

विकत कशाला घेताय दादा, हॉस्टेलवर कुठल्याही दुसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारायला सांगा. पहिलं वर्ष संपलं की तो कपाटावर धूळ खात पडलेला असतो, शे-दीडशेत देऊन टाकतात. फक्त पट्ट्या ९० अंशात बसतात का आणि स्क्रू घट्ट होतो का तेवढं बघायला सांगा.