घरी केलेलं खणांचं कपाट : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीच्या सुट्टीत घरीच चार खणांचं कपाट केलं. १८ मिमी प्लायचा सांगाडा दोन दिवसांत उभा राहिला, खणांना मात्र तीन रविवार गेले. टेलिस्कोपिक चॅनलला (खण ज्यावर आत-बाहेर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) दोन्ही बाजू मिळून २६ मिमी जागा लागते, मी २४च सोडली होती. पहिला खण अर्ध्यात अडकला, तो उकलून पुन्हा जोडावा लागला. पुढच्या तिन्हींना सांगाड्याची आतली रुंदी पुढे, मध्ये, मागे मोजली आणि सगळ्यांत कमी भरली त्यातून २६ वजा केले. तुम्ही असं काही केलं असेल तर लिहा. चुका तर नक्की लिहा, पुढच्याची फळी वाचेल.

—

आम्ही रत्नागिरीचे. माळ्यावर आजोबांनी ठेवलेल्या फणसाच्या फळ्या होत्या, त्यांचेच खण केले. चॅनल नाहीत, लाकडी पट्ट्यांवर सरकणारे. एप्रिलमध्ये छान घट्ट बसले, जुलैत एकही उघडेना. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे खणाची उंची वाढली होती. शेजारच्या सुतारकाकांनी वरची कड जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग) रंधली आणि पट्ट्यांवर मेणबत्ती घासून दिली. आता भर पावसातही एका बोटाने सरकतात.

—

मी फक्त पॉलिशचं लिहिते. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधून हात मारले. पावसाळी हवा होती. दुसऱ्या थराला सगळीकडे पांढरट झाक आली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. आठवडाभर थांबले, कोरड्या दुपारी नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवला आणि खालचा सागाचा रंग परत वर आला. तो क्षण फार सुखाचा होता! पॉलिश पेपर मात्र लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवा. मी एकदाच आडवा घासला, तो ओरखडा सकाळच्या उन्हात अजून दिसतो.

—

फ्लॅटमध्ये करवतीला जागा नाही, म्हणून प्लाय दुकानातूनच कापून आणला. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढे तीनेक मिमी जातात, ते आधीच धरा. आणि फेव्हिकॉल ओला असतानाच खणाचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले, म्हणजे खण काटकोनात असला, तरच शिकंजे आवळा.

—

कर्ण मी मोजलेच नव्हते. तिसरा खण बंद केला की डावीकडे किंचित पुढे राहतो. आज रात्री टेप लावून बघतो.