काळारामाचा दगड फोटोत राखाडी का येतो?

गोदाकाठची
मामाने त्याचा जुना डीएसएलआर दिला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. चार महिने झाले, दर रविवारी पंचवटीत जाते. मन लावून फोटो काढते, पण घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले की हिरमोड होतो. काळारामाचं मंदिर समोर उभं राहिलं की कसं काळंभोर दिसतं, आणि फोटोत सिमेंटची भिंत. रामकुंडावरच्या आरतीत ज्योतींच्या जागी पांढरे डाग, पुजाऱ्यांचे हात पुसलेले. कॅमेरा ऑटोवरच असतो. ओळखीतले म्हणतात, बॉडी बदल. तेवढे पैसे नाहीत, आणि दोष बॉडीचा आहे असं मला वाटतही नाही. नक्की काय शिकू?

डार्करूम
ताई, बरोबर वाटतंय तुम्हाला. बॉडी राहू द्या.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला दगड कळत नाही, फक्त उजेड कळतो. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार, असं धरून तो चालतो. काळा दगड फ्रेमभर आला की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, वाढवतो. ऑटो सोडून अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) या आणि अधिक-उण्याच्या बटणाने उणे एक करा. दगड काळा होईल.

हे मी फार उशिरा शिकलो. रोलवर लग्नं काढायचो तेव्हा उजेड थोडा जास्त झाला तरी निगेटिव्ह सांभाळून घ्यायची. डिजिटल घेतल्यावर एका नव्या सुनेची पहिली संक्रांत काढली. काळी चंद्रकळा, अंगभर हलव्याचे दागिने. मीटरवर विसंबलो. साडी करडी आली आणि हलव्याचा काटा पार उडाला, नुसता पांढरा पट्टा उरला. उडालेलं पांढरं कॉम्प्युटरवरही परत येत नाही. त्या घरी तो दिवस पुन्हा येणार नव्हता. तेव्हापासून प्रत्येक नव्या उजेडात पहिला फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळाचा आलेख, बघतो. उजव्या कडेला चिकटला की उणे.

आरतीचं दुखणं वेगळं. हात पुसतात कारण शटर हळू आहे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पुजाऱ्यांचा नाही. ऑटो आयएसओमध्ये (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) किमान शटर १/१२५ सेकंद आणि कमाल आयएसओ ३२०० ठेवा. दाणे दिसले तर दिसू देत, हललेल्या फोटोपेक्षा बरे. तुमची छोटी लेन्स १८ला एफ ३.५ उघडते, ५५ला फक्त ५.६; आकडा लहान तितका उजेड जास्त. म्हणून झूम न करता लवकर जाऊन पुढची पायरी धरा. इथेही उणे एक, म्हणजे ज्योतीला आकार राहील. आणि आभाळात निळसर उजेड आहे तोवरच काढून घ्या.

निफाडकर
वरच्या उत्तरात एक भर. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बगळे काढताना मी 'पांढरं म्हणजे अधिक' असं पाठ केलं होतं, त्यात बरेच फोटो गेले. बगळ्याने फ्रेम भरली असेल तर अधिक बरोबर. पण तो लांब, छोटा आणि मागे गडद पाणी असेल तर मीटर पाण्याकडे बघतो आणि फोटोत बगळा नुसता पांढरा डाग होतो. तिथे उणेच.

५५-२५० घेऊन थंडीत तिथल्या चापडगावला या. ऊन पाठीशी घ्या, उडत्या पक्ष्याला शटर १/१००० च्या वर. चित्रबलाक लांब असतात, त्यांच्यामागे धावू नका. काठाशी वंचक तासभर हलत नाही, त्याच्यावर हात बसवा.

पन्नासवाला
पुढेमागे पैसे जमलेच तर ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या. एफ ५.६ च्या तुलनेत जवळपास दहापट उजेड.

गोदाकाठची
काल जाऊन आले. उणे एकवर दगड काळा आलाय! उन्हाच्या तिरिपेत छिन्नीच्या खुणासुद्धा दिसतायत. आरतीला हात स्थिर आले, ज्योत मात्र अजून थोडी उडते. उणे दीड करून बघू का?

डार्करूम
करा. चेहरे अंधारात गेले तर पुजारी ज्योत स्वतःकडे आणतात तो क्षण धरा, तिचाच उजेड तोंडावर पडतो.